उकिरड्याच्या जागेवरचा बटाटा

मोबाइलवर आलेला बटाट्याच्या पानांचा फोटो बघून मीच सांगून बसलो होतो, "पानं गुंडाळणारा व्हायरस दिसतोय, मावा आवरा." मावा म्हणजे हा व्हायरस पसरवणारी कीड. शेतकरी आप्पांनी माझ्या शब्दावर दोन फवारण्या मारल्या. पंधरा दिवसांनी फोन, "साहेब, बटाटं जागचं हलंना. तुमीच येऊन बगा."

कोल्हापुरातून सकाळी निघालो. गडहिंग्लज मागं पडलं आणि श्रावणाची रिपरिप सुरू झाली. चंदगड तालुक्यात शिरलं की मातीचा रंग तांबडा होत जातो. माती तपासणं हाच माझा धंदा, तरी फोटो बघताना हा रंग माझ्या डोक्यात आला नव्हता.

बांधावर उभा राहिलो आणि चूक कळली. झाडं खुरटी, पण हिरवी. हिरवी म्हणजे काळपट हिरवी. पानांच्या कडा वर वळलेल्या. एक पान मुठीत चुरगळलं, तर मऊ. व्हायरसनं गुंडाळलेलं पान चामड्यासारखं ताठ असतं, चुरगळताना करकरतं. फोटोत हे कसं कळणार! म्हणजे कळणार नाही हे मला कळायला हवं होतं.

मातीचा सामू, म्हणजे पीएच, मोजला, 5.3. अशा आम्ल, तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, धरून बसतात. झाडं त्याच्यावाचूनच खुरटली होती.

"खत किती घातलंत?"

"दोन पोती डीएपी फोकलीया की."

डीएपी हे स्फुरदाचंच खत. दोन पोती म्हणजे 100 किलो, त्यात 46 किलो स्फुरद. पण सगळं रानभर विसकटलेलं, म्हणजे मातीच्या कणाकणाला आयतं सापडलेलं. स्फुरद मातीत जागेवरून फारसं हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. आणि बटाट्याची मुळं बहुतेक वरच्या फूटभरातच.

एक झाड उपटलं. वर चार पानं, पण मुळांचा पसारा त्या मानानं मोठा. भिंग लावलं तर मुळांवर बारीक केसांची दाट लव. अंगावरचा खर्च कमी करून झाड होतं नव्हतं ते मुळात घालत होतं. खालची पानं पिवळी पडलेली, कारण त्यांच्यातलं स्फुरद काढून शेंड्याला दिलेलं. वरची काळपट दिसतात, कारण पान वाढायचं थांबतं, पण हिरवा रंग तयार होतच राहतो, मग तो थोड्या जागेत दाटतो. शिवाय मुळं आम्लं सोडतात, कुजलेल्या पाल्यातलं स्फुरद सोडवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात, मायकोरायझा नावाच्या बुरशीला सोबत घेतात. बुरशी म्हटल्यावर आप्पांची नजर फवारणी पंपाकडं गेली. "ही मारायची नाही," म्हटलं.

परत निघताना खालच्या कोपऱ्यात दोन सऱ्या दिसल्या. गुडघ्याएवढी झाडं, पानं सपाट.

"हितं काय केलंत?"

"काय न्हाई. हितं आमचा जुना उकिरडा हुता."

दोन्हीकडचं एकेक झाड खणलं. उकिरड्यावरच्याला नऊ बटाटे, वरच्याला तीन. त्यातला एक तर सुपारीएवढा. आप्पा बराच वेळ त्या तिनांकडं बघत राहिले.

"आता टाकू का अजून एक पोतं?"

नाही म्हटलं. बटाटे किती धरायचे हे झाडानं सुरुवातीलाच ठरवलेलं असतं. 00:52:34 या स्फुरद-पालाशाच्या विरघळणाऱ्या खताची फवारणी घ्या, असलेले जरा पोसतील. संख्या काही वाढणार नाही. पुढच्या वेळी लागणीआधी चुना, आणि डीएपी न फोकता सरीत, बेण्याच्या खाली दोन बोटं, मध्ये माती ठेवून.

मावा मारायच्या औषधाचे पैसे मी देतो म्हणालो. आप्पांनी ते कानाआड केलं. नऊ बटाटे पिशवीत घालून माझ्या गाडीत ठेवले आणि म्हणाले, "तेवढं ऱ्हाऊ द्या. उकिरडा औंदा कुठं हलवायचा, ते सांगून जावा."

कोपऱ्यापासून सुरुवात करून आम्ही रान पावलांनी मोजायला लागलो.