पोटदुखी

आज तिसऱ्या तासाला सहावीतला एक मुलगा पुन्हा पोट धरून उभा. या महिन्यातली चौथी वेळ. खोटं कशाला बोलू, आधी मनात आलं ते हेच की चाचणी आहे म्हणून नाटकं करतोय. मग लक्ष गेलं, शर्टाच्या बाहीचं टोक चावून चावून ओलं झालेलं.

बाहेर पायरीवर त्याच्याशेजारी बसले. काही विचारलं नाही. पाचेक मिनिटांनी तोच म्हणाला, "बाई, घरी कुणी कुणाशी बोलत नाही."

मुलांची काळजी बरेचदा पोटातूनच बोलते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साधारण एक तृतीयांश मानसिक आजार वयाच्या १४ व्या वर्षाआधी आणि निम्मे १८ व्या वर्षाआधी सुरू होतात. म्हणजे आमच्याच वर्गांत, आमच्या डोळ्यांदेखत. समुपदेशक आठवड्यातून एकदा येतात, त्यांच्यासाठी चिठ्ठी ठेवली.

परत वर्गात आले तर हा गोंगाट! आणि मी ओरडले. डस्टर आपटला. पहिल्या बाकावरची मुलगी दचकली, तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाहीये.

याच संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची, म्हणजे कामानं पार थकून जाण्याची, नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. 'जरा ध्यान करत जा' म्हणणाऱ्या वरिष्ठांना हे एकदा मोठ्यानं वाचून दाखवायचंय.

मधल्या सुट्टीत शेजारच्या बाईंनी काही न बोलता माझ्या वह्यांचा अर्धा गठ्ठा स्वतःकडे ओढला.

उद्या आधी त्या मुलीला सॉरी म्हणायचं. सगळ्या वर्गासमोर.