स्वस्त गेमिंग संगणक जोडताना यादी तळापासून वाचावी

गेमिंगसाठी संगणक जोडून घेऊ इच्छिणारे विद्यार्थी सुट्या भागांची यादी घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्या यादीत सर्वांत वर ग्राफिक्स कार्ड असते, त्याखाली प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आणि अगदी तळाशी, उरलेल्या पैशांत बसेल तो एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा. ही यादी मी तळापासून वाचतो. घरच्यांनी काटकसर करून दिलेल्या पैशांतून घेतलेला संगणक पाच-सहा वर्षे टिकला पाहिजे, आणि तो टिकणार की नाही हे बहुधा शेवटच्या ओळीवरच ठरते.

वरच्या ओळींबद्दल फार वाद घालण्याचे कारण नाही. १०८०पी (फुल एचडी) दर्जावर खेळण्यासाठी रायझन ५ ५६०० किंवा आय३-१२१००एफ यांसारखा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आरएक्स ६६०० च्या तोडीचे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड अजूनही चांगले काम देते. रॅम मात्र ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी आणि चार खाचांच्या मदरबोर्डवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवावी, म्हणजे दोन्ही मार्गांनी माहिती वाहते. किमती सारख्या बदलत असल्याने आकडे देत नाही. ऑनलाइन भाव पाहून मग आपल्या कोल्हापुरात राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या दुकानांत विचारावे, आणि थोडा फरक असेल तर तो सोसून गावातच खरेदी करावी, असे माझे मत आहे. बिघाड झाल्यावर समोर बसून बोलता येणारा दुकानदार लाखमोलाचा असतो. १८ टक्के जीएसटी लावलेले पक्के बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक या दोन गोष्टींचा आग्रह सोडू नये.

आता एसएमपीएस. आरएक्स ६६०० हे कार्ड सुमारे १३२ वॅट घेते, रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅटच्या आसपास, आणि बाकी सर्व धरून भार २५० ते २७५ वॅटपर्यंत जातो. म्हणजे ५०० वॅटचा प्रामाणिक एसएमपीएस पुरेसा आहे. अडचण प्रामाणिकपणाची आहे. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या अनेक डब्यांवर मोठा आकडा छापलेला असतो, परंतु प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड चालतात ते मुख्यतः १२ व्होल्टवर. म्हणून लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे: ४० ॲम्पिअर असतील तर ४८० वॅट, १८ असतील तर केवळ २१६. ‘८० प्लस’ हे चिन्ह वीज किती कार्यक्षमतेने वापरली जाते एवढेच सांगते. शॉर्टसर्किटपासूनच्या संरक्षणाची हमी त्यात नसते.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते, ही तक्रार पेठांतल्या जुन्या घरांतून वारंवार ऐकू येते, आणि त्यावर पायात चप्पल घालून बसण्याचा सल्ला दिला जातो, तो मला अजिबात मान्य नाही. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. भिंतीतील तिसरी तार जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब राहतो. प्रवाह अत्यल्प असतो, तरी केबल लावता-काढताना तो एचडीएमआय किंवा यूएसबीच्या खाचेला इजा करू शकतो. शिवाय खरोखरच एखादी तार पत्र्याला टेकली, तर माणसाला वाचवणारे काहीही उरत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणे हा संगणकाच्या खर्चाचाच भाग मानावा.

जोडणी पूर्ण होऊनही पडद्यावर काहीच येत नाही, तेव्हा भाग बिघडला असे लगेच समजू नये. ५६०० किंवा १२१००एफ यांच्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली तर पडदा काळाच राहणार. ती ग्राफिक्स कार्डलाच हवी. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची आठ पिनांची वेगळी केबल वरच्या कोपऱ्यात राहून गेलेली असते. रॅमची पट्टी दोन्ही टोकांना ‘खट्’ आवाज होईपर्यंत बसलेली नसते. जुना बी४५० मदरबोर्ड असेल, तर बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरची प्रणाली) अद्ययावत केल्याशिवाय तो रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर ओळखत नाही. एका वेळी एकच बदल करून पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

खेळ रंगात आल्यावर संगणक अचानक बंद पडणे हा याहून फसवा प्रकार आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते आणि मुले तिलाच कारण समजतात, परंतु संगणक नीट बंद झाला नव्हता एवढाच तिचा अर्थ आहे. निळा पडदा येऊन बंद होत असेल, तर मेमटेस्ट८६ या प्रोग्रामने रॅम तपासावी. काहीही न दाखवता क्षणात बंद होत असेल, तर आधी एसएमपीएसवर संशय घ्यावा. केवळ वीज गेल्यावरच तसे होत असेल, तर यूपीएस पाहावा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, बॅटरी जुनी झाली की खेळाचा भार त्याला पेलत नाही, आणि तो वीज साइन लहरीत देत नसेल तर काही एसएमपीएसना ते मानवत नाही.

खेळ हळूहळू अडखळू लागणे हे मात्र बहुधा उष्णतेचे लक्षण असते. प्रोसेसर तापमानाच्या मर्यादेपाशी आला की स्वतःचा वेग कमी करतो. पावसाळ्यात दमट हवेने पंख्यावरची धूळ चिकट होते, म्हणून दसऱ्याच्या साफसफाईत संगणकही उघडावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. तापमान योग्य असूनही वेग कमी वाटला, तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय) सुरू आहे का आणि विंडोजमध्ये जास्त वेगाचा मॉनिटर ६० हर्ट्झवरच अडकला आहे का, हे पाहावे.

वापरलेले कार्ड घेण्यास माझा विरोध नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर अखंड गणिते चालवून चलन मिळवण्याची, पद्धत सोडल्यानंतर मायनिंगमध्ये राबलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली, आणि त्यांतली सगळीच वाईट नाहीत. परंतु अशा कार्डावर किमान अर्धा तास जड खेळ विक्रेत्यासमोरच चालवून पाहावा, पंख्यांचा आवाज ऐकावा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी उमटतात का ते पाहावे, आणि त्यानंतरच पैसे द्यावेत.