ओट्याखालच्या सात बाटल्या

मध्यंतरी सिलिंडर बदलायला ओट्याखाली वाकले आणि इडलीपात्राच्या मागे हात गेला तर काचेला काच लागल्याचा आवाज. बघते तर चार वाईनच्या बाटल्या. मग शोधच घेतला. दोन माळ्यावर निघाल्या, गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी (सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही), आणि एक नवऱ्याच्या ऑफिसच्या कपाटात, जुन्या फायलींच्या मागे. एकूण सात. आणि घरात पिणारं कोण, तर नवरा, तोही वर्षातून दोनदा मित्रांबरोबर बियर.

नवरा सीए आहे, त्यामुळे दिवाळीत क्लायंट लोकांची भेट येतेच. आधी काजू-बदामाचे डबे यायचे, मग ते सुगंधी मेणबत्त्यांचं खूळ आलं आणि आता वाईन. व्हिस्की कशी द्यायची असं लोकांना वाटतं, वाईन मात्र सभ्य वाटते, सीएच्या घरी चालून जाते. शिवाय नाशिक. पूर्वी नाशिकला गेलेला माणूस येताना चिवडा आणायचा, बेदाणे आणायचे, आता गंगापूर धरणाकडे चक्कर मारून द्राक्षाच्या मळ्यात फोटो काढतो आणि आपल्यासाठी एक बाटली घेऊन येतो. सुला या तिथल्या वाईन कंपनीची पहिली वाईन बाजारात आली २००० साली, म्हणजे हे सगळं पंचवीसेक वर्षातलं, पण वाटतं की नाशिकला हे पहिल्यापासूनच होतं.

२०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा टीव्हीवर वाईन म्हणजे दारू की नाही यावर काय भांडणं झाली होती आठवतंय? आमच्याकडेही झालं. सासूबाई म्हणाल्या दारूच ती. नवरा म्हणाला, आई, तू रोज जेवणानंतर ते द्राक्षासव घेतेस ना, त्याच्या लेबलवर बारीक अक्षरात काय लिहिलंय वाच एकदा. त्यांनी चष्मा लावून वाचलं, स्वयंजनित अल्कोहोल वगैरे, बाटली परत ठेवली आणि म्हणाल्या, "ते औषध आहे, आणि मी समभाग पाणी घालून घेते." विषय संपला.

तर आता या सात बाटल्यांचं करायचं काय. विकता येत नाहीत, आधी हे सांगते, कारण माझ्या डोक्यात पहिला विचार तोच आला होता की सोसायटीच्या ग्रुपवर टाकू अर्ध्या किमतीत. लायसन्सशिवाय दारू विकणं हा गुन्हा आहे, भेट आलेली असली तरी. मग म्हटलं मावसबहिणीला देऊ, तिच्या नवऱ्याला आवडते, पण ते राहतात वर्ध्याला आणि तो जिल्हाच दारूबंदीचा. कामवाल्या मावशींना किंवा वॉचमनला देणं मला पटत नाही, कुणाच्या घरात त्या बाटलीने काय होईल आपल्याला काय माहीत. आणि ज्यांच्याकडे एकोणीस-वीसची मुलं आहेत अशा घरी देताना आईवडिलांच्याच हातात द्यावी. महाराष्ट्रात वाईन आणि बियरला वय २१ लागतं, बाकीच्या कडक दारूला २५, हे मलाही आत्ता आत्ता कळलं.

पण खरी चूक आमची वेगळीच होती. आपल्या डोक्यात कुठून तरी बसलंय की वाईन जितकी जुनी तितकी भारी. म्हणून ठेवून द्यायची, काहीतरी खास असेल तेव्हा काढू. अहो, खास काही येत नाही! आणि आलंच तर आमच्याकडे श्रीखंड असतं. बाजारातल्या बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षात पिऊन टाकायलाच केलेल्या असतात, पांढरी आणि गुलाबी तर नक्कीच. वर्षानुवर्ष टिकणाऱ्या असतात त्या थोड्या, आणि त्या पण अंधाऱ्या, बारा-चौदा डिग्रीच्या तळघरात आडव्या झोपवून ठेवतात. आमचा माळा म्हणजे एप्रिलमध्ये पापड वाळतील असा. आणि ओट्याखालची जागा तर त्याहून वाईट, वर सकाळ-संध्याकाळ गॅस चालू.

माळ्यावरची पांढरी मी सिंकपाशीच उघडली. बूच असलेली होती, इतकी वर्ष उभी ठेवल्यामुळे बूच वाळून भुगा झालेलं, कॉर्कस्क्रू घरात नाही, शेवटी लाटण्याच्या टोकाने आत ढकललं आणि चहाच्या गाळणीने गाळली. रंग कोऱ्या चहासारखा, वास डाग पडलेल्या सफरचंदाचा. म्हणून तर बाटली आडवी ठेवतात, वाईन बुचाला लागून राहिली की बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी काही बिघडत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना आता तेच झाकण असतं. असो. ती गेली सिंकमध्ये. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, देणाऱ्याने हजारभर रुपये घातले असतील.

उरलेल्यातल्या दोन लाल बाटल्या ठीकठाक होत्या, म्हणजे प्यायला कशा ते मला कळत नाही पण वास घाण नव्हता. एक मटणात गेली. शेजारच्या काकांनी सांगितलं की मटण रात्रभर त्यात भिजव, कांदा परतून, मिरी, तमालपत्र टाकून मंद आचेवर दीड-दोन तास शिजव, खोबऱ्याचं वाटण अजिबात नको. छान झालं, आंबटसर, दाट. पण एक लक्षात ठेवा, शिजवलं की अल्कोहोल सगळं उडून जातं हे खरं नाही. अर्धा तास शिजवलं तरी साधारण एक तृतीयांश उरतं, दोन-अडीच तासांनी कुठे पाच-दहा टक्क्यांवर येतं. त्यामुळे लेकीसाठी वेगळा रस्सा केला. उरलेली अर्धी बाटली बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजरला टाकली, आता पास्ता सॉस करताना दोन-दोन खडे टाकते.

दुसऱ्या लालचं मी व्हिनेगर करायला घेतलं, आणि हे प्रकरण मात्र दोन महिने चाललं. वाईनमध्ये तेरा टक्के वगैरे अल्कोहोल असतं, तेवढ्यात व्हिनेगर बनवणारे जिवाणू नीट वाढत नाहीत, म्हणून साधारण तेवढंच पाणी घालायचं आणि त्यात सफरचंदाचं न गाळलेलं व्हिनेगर, ते तळाशी गढूळ असतं ना, तेच, कपभर. स्टील-अॅल्युमिनियम नको, काचेची रुंद तोंडाची बरणी, वर मलमलचं फडकं रबरबँडने बांधून. झाकण लावायचं नाही कारण त्या जिवाणूंना हवा लागते. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात घरात नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, सासूबाईंनी मला विचारलं, "अगं, तू नखं रंगवायला लागलीस की काय?" आणि चिलटं! कुठून येतात देव जाणे, फडक्यावर बसून राहायची, मग फडकं दुहेरी केलं. मग एक दिवस वर साईसारखा पातळ पडदा धरला, सासूबाई म्हणाल्या नासलं, टाक. टाकलं नाही. तो पडदा म्हणजेच काम चालू असल्याची खूण. त्यावर केसाळ, हिरवट-काळी बुरशी दिसली असती तर मात्र टाकून द्यायचं.

दोन महिन्यांनी चमच्याने चाखलं तर जीभ आकसली, तोच खरा आंबट. आता कांद्याच्या चकत्या त्यात अर्धा तास ठेवते, थोडं मीठ, हिरवी मिरची, पिठल्याबरोबर काय लागतो सांगू! लोणच्याला मात्र हे वापरू नका, घरच्या व्हिनेगरची आंबटाई मोजलेली नसते, लोणचं टिकेल याची खात्री नाही.

ऑफिसच्या कपाटातली नवऱ्याने जानेवारीच्या थंडीत संपवली. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, थोडा गूळ, उकळी न आणता नुसती गरम करायची. दिसायला थेट काढा. सासूबाईंना वाटलं त्याला सर्दी झालीय, त्यांनी त्यात आलं किसून घातलं. त्याने तोही प्यायला.

फसफसणारी एक होती, ती भाच्याच्या साखरपुड्याला दिली आणि बरं झालं घरात उघडली नाही, त्या बाटलीत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. उघडायचीच तर आधी चांगली गार करा, बुचावर टॉवेल धरा आणि बूच नाही, बाटली फिरवा.

आता ओट्याखालच्या फक्त दोन उरल्यात, दोन्ही फिरकीच्या झाकणाच्या, एक गुलाबी, एक पांढरी. त्यांना मी मास्किंग टेप लावून तारीख टाकलीय आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात भेंडीशेजारी हलवल्यात. शनिवारी चौथ्या मजल्यावरचे काका-काकू जेवायला येतायत, मटणाची रेसिपी त्यांचीच. मी पुरणपोळी करणार होते, काकूंनी फोन करून सांगितलं, पुरणपोळी नको, भजी कर, त्याच्याबरोबर पांढरी बरी लागते.