१९६५ च्या रेडिओत फोन वाजतोय, आणि डॅशला एकही भोक नाही

मंडळी, तीन महिने रखडतरखडत चाललेलं काम परवा एकदाचं गाडीत बसलं, म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून काढतोय. गाडी १९६५ ची, रेडिओ तिच्याबरोबर आलेला, पाच बटणांचा, मीडियम वेव्ह आणि लाँग वेव्ह एवढंच, सगळे जर्मेनियम ट्रान्झिस्टर (आजच्या सिलिकॉनवाल्यांच्या आधीचे) आणि बाजूच्या पट्टीवर स्क्रूने आवळलेला एकच मोठा आउटपुट ट्रान्झिस्टर. फोनचा आवाज त्याच रेडिओतून, त्याच्याच व्हॉल्यूमच्या नॉबने, त्याच्याच स्पीकरमधून यायला हवा होता, आणि उद्या कुणाला सगळं काढून टाकावंसं वाटलं तर चार टाके उसवून रेडिओ होता तसा व्हायला हवा. बाकी सगळे निर्णय या दोन अटींवरून घेतले.

सोपा मार्ग म्हणजे आतलं सगळं काढून टाकायचं आणि त्या डब्यात आजचा अॅम्प्लिफायर बसवायचा. बरेच जण तसं करतात, आवाजही मोठा आणि स्वच्छ येतो, पण मला ते अजिबात पटत नाही, कारण मग समोर राहतं ते फक्त रेडिओचं तोंड. त्या जर्मेनियम अॅम्प्लिफायरचा जो गोल, जरा दाबलेला आवाज आहे ना, त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप.

दुसरा मार्ग एरियलमधून. एफएम मॉड्युलेटर इथे कामाचा नाही कारण सेटला एफएमच नाही, आणि एएमचा छोटा ट्रान्समीटर लावला तर सिग्नल सेटच्या सगळ्या आयएफ गाळणीतून (लावलेलं स्टेशन तेवढं वेगळं काढणाऱ्या भागातून) जातो, मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली असतात म्हणून सेट तेवढीच अरुंद फट उघडी ठेवतो, साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं आणि गाणं टेलिफोनवर ऐकल्यासारखं लागतं. शिवाय जिथे जाल तिथे मोकळी जागा शोधत डायल फिरवत बसा. म्हणून ठरवलं की थेट व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला सिग्नल द्यायचा, म्हणजे डिटेक्टरनंतर (स्टेशनच्या लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग) आणि अॅम्प्लिफायरच्या आधी.

पण आधी रेडिओ तर जिवंत हवा. टेबलावर करंट लिमिट असलेल्या सप्लायवर हळूहळू व्होल्टेज चढवलं, स्पीकर आधी जोडला (हे विसरू नका, असल्या क्लास ए सेटला, म्हणजे ज्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर सतत करंट ओढतो त्याला, स्पीकरच्या लोडशिवाय चालवलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो आणि तो परत मिळणं कठीण), करंट पाऊण अँपियरच्या आसपास जाऊन स्थिर झाला, पट्टी कोमट झाली, स्पीकरमध्ये बारीक हम आली, पण स्टेशन एकही नाही. आत एएफ११७ नावाचे तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. ज्यांनी हे जुने सेट उघडलेत त्यांना पुढची गोष्ट माहीतच असेल. या ट्रान्झिस्टरच्या पत्र्याच्या टोपणात आतून कथिलाचे केसासारखे धागे वाढतात आणि आतल्या एखाद्या पायाला टोपणाशी चिकटवतात. पाय चार असतात, चौथा नुसता टोपणाचा, अर्थला जोडलेला. तो चौथा पाय कापला की टोपण मोकळं होतं आणि बऱ्याचदा ट्रान्झिस्टर पुन्हा चालायला लागतो. तिघांपैकी दोन तसे उठले, तिसऱ्यात दोन-तीन पाय एकमेकांत गुंतले असावेत, तो बदलावाच लागला. सोल्डर मारताना प्रत्येक पाय पातळ पकडीत धरून ठेवला, कारण जर्मेनियमला उष्णता अजिबात सोसत नाही. मग चार इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले, आणि मोठा जो डोळ्यात भरतो त्याचं जुनं कवच ठेवून नवीन त्याच्या पोटात बसवला. उघडून बघणाऱ्याला जुनंच दिसतं.

स्टेशन लागलं तेव्हा मात्र थोडा वेळ हातातलं काम ठेवून नुसता ऐकत बसलो. या लहरींवर आता दिवसेंदिवस कमी ऐकू येतंय, जर्मनीच्या डॉइचलांडफुंक रेडिओने २०१४ च्या अखेरीला लाँग वेव्ह आणि २०१५ च्या अखेरीला मीडियम वेव्ह बंद केली, फ्रान्स इंटरची १६२ किलोहर्ट्झची लाँग वेव्ह २०१६ च्या शेवटी गेली. ज्याला ऐकायला स्टेशनच उरणार नाही असा सेट लोक फेकून देतात, म्हणून त्याला दुसरा कान द्यायचा, असं माझं मत.

आता मुख्य काम. पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या, वरच्या टोकाची वायर उचलण्याआधी तिथे डीसी किती ते मोजा. माझ्या सेटमध्ये डिटेक्टर आणि पॉटच्या मध्ये कंडेन्सर आहे, त्यामुळे वायर उचलली तरी मागच्या सर्किटला काही फरक पडत नाही. काही सेटमध्ये पॉट हाच डिटेक्टरचा लोड असतो, तिथे वायर सुटली की एजीसी (स्टेशनच्या ताकदीप्रमाणे आवाज आपोआप सांभाळणारी सोय) बिघडते, अशा वेळी त्याच व्हॅल्यूचा रेझिस्टर तिथे लोड म्हणून लागेल अशी सोय ठेवायची.

फोनचे डावा-उजवा दोन्ही आवाज एकत्र करायला प्रत्येकात ४७० ओहमचा रेझिस्टर टाकला. दोन्ही वायरी नुसत्या पिळून जोडू नका, फोनचे दोन आउटपुट एकमेकांवर ढकलाढकली करतात. फोनचा सिग्नल या सेटच्या डिटेक्टरपेक्षा कितीतरी तगडा, नॉब जरासा हलवला की आवाज फाटायचा, म्हणून १० के आणि १ के (किलोओहम) रेझिस्टरांचा डिव्हायडर लावून सिग्नल कमी केला आणि नॉब पुन्हा माणसात आला. पहिल्या ट्रायलला आवाज पत्र्यासारखा, बास नावालाही नाही, अर्धा दिवस स्पीकरला दोष देत होतो. चूक पॉटकडे सिग्नल नेणाऱ्या कंडेन्सरची निघाली, मी जाता जाता हाताशी आलेला ०.१ मायक्रोफॅरॅडचा लावला होता, पॉट ५ के चा आहे, म्हणजे ३०० हर्ट्झच्या आसपासच कटऑफ आणि त्याच्या खालचं सगळं गळतंय. ४.७ चा लावल्यावर कटऑफ दहा हर्ट्झच्या खाली गेला आणि तबल्याचा डग्गा ऐकू यायला लागला. तो पहिला घुमारा आला तेव्हा एकट्यानेच "हां!" केलं.

टेबलावर सगळं छान, म्हणून रेडिओ गाडीत बसवला. आणि इथे तो प्रसंग घडला ज्याच्यासाठी मी हे लिहितोय.

गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. आधीच्या मालकाने कधीतरी ती निगेटिव्ह अर्थ करून घेतली आणि रेडिओच्या मागची पोलॅरिटीची प्लेट फिरवून ठेवली. रेडिओ चालतो, त्यामुळे सगळं ठीक असं वाटतं. मी जॅक लावला, फोनवर गाणं सुरू केलं, पाच मिनिटं सुंदर वाजलं, आणि फोनची बॅटरी कमी दिसली म्हणून चार्जरची पिन फोनमध्ये घातली. टक्. रेडिओ बंद, दोन अँपियरचा फ्यूज उडालेला, आणि ऑक्सची, म्हणजे फोनपासून रेडिओपर्यंतची, वायर हाताला गरम लागत होती. फोन वाचला हे नशीब.

मल्टिमीटर घेऊन बसलो. एक टोक बॉडीला, दुसरं पॉटच्या खालच्या टोकाला, जिथे मी जॅकचा अर्थ जोडला होता. शून्य दिसायला हवं ना, तर काटा सरळ १२ व्होल्टवर! तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे पीएनपी जातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचे सेट प्लसला कॉमन धरून बांधलेले. प्लेट फिरवल्यावर बदलतं एवढंच की डब्याला कुठली बाजू जोडली जाते, आतलं सर्किट तसंच राहतं. म्हणजे माझ्या गाडीत रेडिओचा ऑडिओ अर्थ हा बॉडीपेक्षा १२ व्होल्ट वर लटकतोय. फोन नुसता असेल तर काही नाही, तोही त्याच्याबरोबर वर लटकतो. पण चार्जर लावला की फोनचा अर्थ चार्जरमधून बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जातो, आणि रेडिओच्या प्लसपासून ऑक्सची वायर, फोनचं पोट, चार्जर अशी सरळ वाट तयार होते. टेबलावर फोन बॅटरीवर होता म्हणून काहीच कळलं नाही. पॉझिटिव्ह अर्थच राहिलेल्या गाडीतही हाच घोळ होतो, कारण तिथे तर बॉडीच प्लस.

तेव्हा सगळ्यांना कळकळीने सांगतो, जुन्या गाडीत ऑक्स जोडण्याआधी ऑडिओ अर्थ आणि बॉडी यांच्यातलं व्होल्टेज मोजा, रेडिओ चालू ठेवून. एक मिनिट लागतं.

उपाय म्हणजे ६०० ते ६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. काडेपेटीपेक्षा लहान असतो. फोनची बाजू एका वाइंडिंगवर, रेडिओची दुसऱ्या, मध्ये तांब्याची जोडणी नाही, फक्त चुंबकाची. दोन रेझिस्टर आधी, मग ट्रान्सफॉर्मर, मग डिव्हायडर, मग पॉट, हा क्रम ठेवला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला समोरून ताकदीचा सिग्नल मिळतो आणि बास टिकतो. आता चार्जर लावून, इंजिन चालू करून, अॅक्सिलरेटर दाबून बघितलं, इंजिनच्या स्पीडबरोबर चढणारी ती कुईं अजिबात नाही, ती पण त्याच अर्थच्या फेऱ्यामुळे येते.

ब्लूटूथचं थोडक्यात. वायरीशिवाय फोन जोडायला एक मॉड्यूलही बसवलंय, ते पाच व्होल्टवर चालतं. आधी मी बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावून त्याला कायम करंट ठेवला होता, तर रेडिओ लावल्यावर मीडियम वेव्हवर इथून तिथपर्यंत शिट्ट्या. आता साधा ७८०५ रेग्युलेटर आहे, १४.४ व्होल्टवरून पाचवर आणताना शंभर मिलीअँपियरला जेमतेम एक वॅट उष्णता होते, छोटी पट्टी पुरते. आणि डॅशच्या खाली एक लपवलेला स्विच, तो दाबला की रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) ओढतो, पॉट डिटेक्टरकडून ट्रान्सफॉर्मरकडे जातो आणि त्याच क्षणी मॉड्यूलला करंट मिळतो. स्विच बंद, की मॉड्यूल पूर्ण मेलेलं आणि रेडिओ १९६५ चाच. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड टाकायला विसरू नका. जॅक अॅशट्रेच्या आत बसवलाय, बाहेरून काही दिसत नाही, आणि जॅकमध्ये पिन घातली की त्याचेच कॉन्टॅक्ट ब्लूटूथला बाजूला करतात.

परवा बाबांना शेजारी बसवून चक्कर मारली. स्विच आधीच दाबून ठेवला होता. त्यांनी सवयीने हात पुढे करून व्हॉल्यूमचा नॉब थोडा कमी केला आणि बाहेर बघत बसले, काही विचारलं नाही.

राहिलेली कामं: लाँग वेव्हचं बटण अडकतंय, डायलचा दोरा सैल झालाय म्हणून काटा दोन स्टेशनांच्या मध्ये उभा राहतो, आणि टोन कंट्रोल पूर्ण फिरवला की ब्लूटूथवर किंचित खरखर येते, ती रेडिओवर येत नाही. पॉटमधली धूळ असती तर दोन्हीकडे आली असती, त्यामुळे पुढच्या रविवारी रिलेपासून पॉटपर्यंतची वायर शिल्डेड करून बघणार आहे.