लंडनमधला पलंग, टोरांटोतलं अल्कोहोल

टोरांटोहून ४०१ हायवेने लंडनला जाताना बघण्यासारखं काहीच नाही. दोन तास सपाट शेतं आणि ट्रकच ट्रक. हे लंडन ओंटारिओतलं, पण थेम्स नदी इथेही आहे. अ‍ॅडलेड स्ट्रीटवर, मधुमेहावरच्या इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचं घर जपून ठेवलंय. सगळे दिवस उघडं नसतं, त्यामुळे निघण्याआधी वेळा बघून घ्या. गर्दी अजिबात नाही, माणसं अगत्याने बोलतात आणि कुणी मागून ढकलत नाही.

लोक येतात ते वरच्या खोलीतला पलंग बघायला. ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे दोनच्या सुमाराला बँटिंग इथे उठले आणि त्यांनी वहीत चार ओळी खरडल्या. दवाखाना चालत नव्हता, पहिल्या महिन्याची कमाई होती चार डॉलर. पोटासाठी ते विद्यापीठात शिकवायचे, आणि त्याच तयारीत मोझेस बॅरन यांचा एक लेख वाचनात आला होता. खड्याने स्वादुपिंडाची नळी बंद झाली की पाचकरस करणाऱ्या पेशी झिजतात, पण लँगरहान्सची बेटं, म्हणजे इन्सुलिन करणाऱ्या पेशींचे पुंजके, शाबूत राहतात, असं त्यात होतं. मग कुत्र्याची नळी मुद्दाम बांधायची, झीज होऊ द्यायची आणि उरलेल्या बेटांचा अर्क काढायचा, ही बँटिंग यांची कल्पना.

दारात बँटिंग यांचा पुतळा आणि १९८९ मध्ये ब्रिटनच्या राणीमातेने पेटवलेली ज्योत आहे. मधुमेहावर कायमचा इलाज सापडला की ती विझवायची. इथवर ठीक. पण या घराला ‘इन्सुलिनचं जन्मस्थान’ म्हणतात, ते मला खटकलं, कारण पलंगावर सुचलेली कल्पना मुळात चुकीची होती! पाचकरसातलं ट्रिप्सिन इन्सुलिन नष्ट करेल ही भीती होती, पण ते स्वादुपिंडात असताना निष्क्रिय रूपात असतं, जागं होतं आतड्यात गेल्यावर. म्हणजे नळी बांधायची गरजच नव्हती. खाटीकखान्यातून ताजी ग्रंथी आणायची, थंड ठेवायची आणि आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये वाटायची, एवढ्यावर भागतं.

खरं काम झालं टोरांटो विद्यापीठात. ती जुनी इमारत आता नाही, त्या जागी मेडिकल सायन्सेस बिल्डिंग उभी आहे. नुसतं बाहेरून बघून परत फिरू नका, जवळच्या थॉमस फिशर ग्रंथालयात जा. तिथे प्रयोगाच्या वह्या आणि कागद जपलेत. प्रवेश फुकट. पर्यटक जवळजवळ नाहीत, हे माझ्या दृष्टीने आणखी बरं.

१७ मे १९२१ ला काम सुरू झालं. प्रयोगशाळा, कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा बावीस वर्षांचा मदतनीस हे सगळं प्रा. मॅक्लिऑड यांनी दिलं. नळ्या जनावराच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याने बांधल्या होत्या. जुलैत पोटं उघडून बघतात तर बहुतेक गाठी कुचकामी, स्वादुपिंड जसंच्या तसं! मग रेशमी दोऱ्याने पुन्हा बांधाबांध. ३० जुलैला ४१० नंबरच्या कुत्र्याला अर्क टोचला आणि तासाभरात रक्तातली साखर २०० वरून १२० वर आली.

पण कुत्र्याला चाललं म्हणून माणसाला चालत नाही. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला १५ मिली तपकिरी गाळासारखा अर्क टोचला, दोन्ही कुल्ल्यांत निम्मा निम्मा. वय १४, वजन जेमतेम २९ किलो. साखर ४४० वरून ३२० वर आली, पण टोचल्या जागी गळू झालं. अर्कात परकी प्रथिनं भरपूर होती. इंजेक्शनं थांबवावी लागली.

इथे जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप येतात, आणि माझ्या मते या गोष्टीचा नायक हाच. अल्कोहोलचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवलं की नको असलेली प्रथिनं आधी खाली बसतात आणि इन्सुलिन विरघळलेलंच राहतं. तो गाळ गाळून टाकायचा. चरबी ईथरने धुऊन काढायची. मग अल्कोहोल ९० टक्क्यांच्या जरा वर न्यायचं, की इन्सुलिनही खाली बसतं. २३ जानेवारीला हा शुद्ध अर्क थॉम्प्सनला दिला आणि दिवसभरात साखर ५२० वरून १२० वर! पुढे घाणा मोठा करताच अर्काची ताकद गेली, ती खुद्द कॉलिप यांनाही परत आणता येईना. अ‍ॅसिटोन वापरून आणि कमी तापमानाला द्रव उडवून गाडी कशीबशी रुळावर आली. वर्षअखेरीस एली लिली या अमेरिकन औषध कंपनीच्या जॉर्ज वॉल्डन यांनी आम्लता नेमकी जुळवून इन्सुलिन खाली बसवायची युक्ती काढली, तेव्हा कुठे मोठं उत्पादन जमलं. १९२३ चं नोबेल मात्र बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना. त्यांनी रक्कम अनुक्रमे बेस्ट आणि कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतली, पण घर झालं एकट्या बँटिंगचं!

इन्सुलिन ज्यात मोजतात त्या युनिटचं मापही, कॉलिप अर्काची ताकद ज्यांच्यावर तपासायचे त्या सशांवरूनच आलं. दोन किलोच्या उपाशी सशाची साखर चार तासांत ४५ पर्यंत उतरवेल तेवढा अर्क म्हणजे सुरुवातीचं एक युनिट. नंतर त्याचा एक तृतीयांश धरला गेला.

आईवडिलांना घेऊन कॅनडाला जाणार असाल तर या मापाकडे नीट बघा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या मिलीला ४० युनिटच्या, तिथल्या १०० च्या. आपली लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. तिथलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट जातो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट केलं तर निम्माही पोचत नाही. सिरिंजा इथूनच पुरेशा घ्या, आणि बाटल्या चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथे गोठल्या तर फेकूनच द्याव्या लागतात.