कल्याण ते कोल्हापूर रेल्वेने, तेरा महिन्यांच्या लेकीला घेऊन, साडेनऊ हजारांच्या आत

लेक झाली तेव्हाच ठरलं होतं की वर्षाची झाली की अंबाबाईची ओटी भरायला जायचं, कुलदैवत आहे आमचं. पण मग वर्ष उलटलं तरी निघणं होईना, कारण प्रत्येकजण घाबरवत होता. सासूबाई म्हणाल्या एवढंसं पोर घेऊन रेल्वेने कशाला, गाडी करा. गाडीचा भाव विचारला तर जाऊन येऊन आणि ड्रायव्हरचा मुक्काम धरून जो आकडा आला त्यात आमची अख्खी ट्रिप बसत होती, शिवाय नऊ तास कारमध्ये मांडीवर बांधल्यासारखं बसवून नेणं मला रेल्वेपेक्षा जास्त अवघड वाटलं. शेवटी फेब्रुवारीत आम्ही दोघं आणि ती असे मंगळवारी रात्री निघालो, शनिवारी संध्याकाळी परत. निघायच्या आधी मी खूप शोधाशोध केली होती आणि हवी ती माहिती एका जागी मिळाली नव्हती म्हणून सगळं सविस्तर लिहितीये.

आधी तिकीट, कारण निम्मी ट्रिप तिथेच ठरते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, वेगळी बर्थ नको असेल तर. बुकिंग करताना इन्फंट म्हणून नाव टाकता येतं, त्याचे पैसे पडत नाहीत. वेगळी जागा हवी असेल तर मात्र पूर्ण भाडं. आम्ही जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस घेतली, थर्ड एसी. कल्याणला रात्री नऊनंतर येते, कोल्हापूरला सकाळी सातच्या पुढे पोचवते, म्हणजे बाळाची झोपेची वेळ आणि गाडीची वेळ जुळते. आता बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, आणि आधार व्हेरिफिकेशन आधीच करून ठेवा नाहीतर ऐन वेळी अडकाल. बुक करताना एक पर्याय असतो की किमान एक लोअर बर्थ मिळाली तरच तिकीट काढा, तो टिक करायचाच. मला लोअर मिळाली, नवऱ्याला अप्पर. आजी बरोबर येणार असेल तर अजून बरं, पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना उपलब्ध असेल तर लोअर बर्थ आपोआप दिली जाते, त्यामुळे तिचं वय नीट टाका.

स्लीपर की एसी यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली होती. स्लीपर तीन-साडेतीनशेत होतं, थर्ड एसीला माणशी साधारण पावणेनऊशे पडले. एकूण दोघांचे अकराशे जास्त गेले आणि माझं स्पष्ट मत आहे की पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. दार बंद, धूळ नाही, चादरी उशा मिळतात, वेटिंगची गर्दी डब्यात शिरत नाही. फक्त रात्री गारठा असतो, तिला पायमोजे, कानटोपी आणि घरची गोधडी होती म्हणून निभावलं. रेल्वेच्या ब्लँकेटवर मी तिला झोपवलं नाही, खाली घरची दुपटी अंथरली.

झोपवायचं कसं तर बाळ आत पार्टिशनच्या बाजूला, आपण कडेला, आणि डोकं खिडकीकडे, पॅसेजकडे नाही, कारण पॅसेजमधून रात्रभर लोक बॅगा ओढत जातात. बऱ्याच जणी साडीची झोळी बांधतात, आमच्या शेजारच्या काकूंनीही सुचवलं की बांध, मस्त झोपेल. मी नाही बांधली आणि बरं झालं. कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिनं लावतात तेव्हा गाडीला जो हिसका बसतो त्याने मीसुद्धा दचकून उठले, झोळी असती तर ती लोखंडावर आपटली असती. तिची झोप मोडलीच, मग बोगद्यांमधून गाडी चढत होती तेवढा वेळ रडली, अंगावर पाजलं तेव्हा शांत झाली, घाटात कानांना दडे बसतात त्यालाही पाजल्याने आराम पडतो. समोरचे आजोबा उठून बसले होते, मला खूप अवघडल्यासारखं झालं, पण ते म्हणाले "पोरी, रडू दे गं, आमचीपण अशीच रडायची" आणि लाईट बंद करून परत झोपले. लोक फार समजूतदार असतात, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी एवढी धास्तावले नसते. लोणावळ्यापासून पार मिरजेपर्यंत ती एकदाही उठली नाही.

गरम पाण्याचं एक सांगते. ट्रेनच्या प्लगला किटली लावायची नाही, मनाई आहे आणि धोकादायकही आहे, ते पॉइंट मोबाईलपुरतेच असतात. त्यामुळे चांगला थर्मास घ्या, एक लिटरचा, आणि सोबत गार उकळलेलं पाणी वेगळं. पहिल्यांदा मी फक्त उकळतं पाणी नेलं होतं आणि नाचणीचं सत्व कालवून ते निवायची वाट बघत बसले, तोवर ती भुकेने रडून लाल झाली. दोन्ही पाणी असलं की मिनिटात होतं. पॅन्ट्रीवर अवलंबून राहू नका, बाळाचं सगळं घरूनच. मी नेलं होतं ते असं: सत्व, भाजून कुटलेली मूगडाळ-तांदळाची कोरडी खिचडी (गरम पाणी घालून झाकून ठेवली की दहा मिनिटांत मऊ होते), केळी, राजगिऱ्याचे लाडू. डायपर दिवसाला सहा या हिशोबाने आणि वर चार. वापरलेला डायपर टॉयलेटमध्ये अजिबात टाकू नका, आता डब्यांत बायोटॉयलेट असतात, ती तुंबतात आणि मग अख्ख्या डब्याचे हाल. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधायचा आणि दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात. तापाचं औषध डॉक्टरांना वजन सांगून, डोस लिहून घेऊनच न्या, आणि ओआरएसची दोन पाकिटं.

कोल्हापूरला उतरलो आणि पहिला फटका राहण्याच्या जागेचा. फोनवर एका लॉजवाल्याने सांगितलेलं की चोवीस तास गरम पाणी, सकाळी आठला खोली तयार. गेलो तर खोली बाराला मिळणार आणि गरम पाणी फक्त सहा ते आठ. मी रात्रभर जागी, लेक चिडलेली, तिथे रिसेप्शनवर बसून मला रडूच आलं. नवरा म्हणाला ॲडव्हान्स पाचशेच दिलेत, सोड. तो भांडून अडीचशे परत घेऊन आला आणि महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत आम्हाला एक साधी, घरगुती जागा मिळाली, अकराशे रुपये रात्रीचे. तिथल्या मावशींनी लेकीला बघितल्या बघितल्या बादली भरून गरम पाणी आणून दिलं. "काय लागंल ते सांग, मी देतो की करून," असं त्या म्हणाल्या, कोल्हापुरात बायका असंच बोलतात, मी करतो, मी जातो, आणि ते ऐकायला मला फार गोड वाटलं. तीन दिवस त्यांनी लेकीसाठी बिनतिखटाचा वरणभात दिला, पैसे घेईनात, शेवटी जाताना मी बळेच दिले. तर सकाळी पोचणारी गाडी असेल तर लवकर चेक-इनचं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, आणि पहिल्या मजल्याच्या वर खोली नको. स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचाही विचार करा, पीएनआर वर ऑनलाईन बुक होतात, बारा तासांसाठीही मिळतात, पण आधी बघावं लागतं, आम्ही बघेपर्यंत भरल्या होत्या.

बुधवारी आम्ही काहीच केलं नाही. खरंच काही नाही, दुपारी तिघंही झोपलो आणि संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. तलावाच्या कडेने सपाट जागा आहे, तिथे ती नव्यानेच टाकायला लागलेली पावलं टाकत होती आणि मी मागे वाकून वाकून फिरत होते. येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो, तिथे म्हशी समोर उभ्या असतात आणि धार काढून फेसाळ दूध तिथल्या तिथे प्यायला देतात. नवऱ्याने दोन ग्लास प्यायला. आजूबाजूचे सगळे म्हणत होते लेकराला पाजा की घोटभर, ताकद येते. मी हात जोडून नाही म्हटलं, कच्चं दूध इतक्या लहान पोटाला देऊ नये, हे आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रवासात असे आग्रह खूप होतात, प्रेमाने होतात, पण आपण ठाम राहायचं.

दर्शन गुरुवारी पहाटे. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस टाळा, गर्दी खूप असते, आणि किरणोत्सवाचे, मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ते दिवसही टाळा, म्हणजे 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर, नवरात्राचं तर सांगायलाच नको. लेक रोज साडेपाचला उठतेच, घरी त्या सवयीने मी वैतागलेली असते, इथे तीच कामाला आली. सहाच्या आत रांगेत होतो, गार फरशी, धुपाचा वास, आत तासाभराच्या आत दर्शन. फार रांग असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते, ती लवकर सरकते. स्ट्रोलर लॉजवरही नेऊ नका, गल्ल्या, पायऱ्या, गर्दी, कुठेच चालत नाही. पोटाशी बांधायचं बेबी कॅरियर बेस्ट, दोन्ही हात ओटीच्या ताटाला मोकळे राहतात. गाभाऱ्यासमोर आल्यावर लेक एकदम गप्प झाली आणि समयांकडे टक लावून बघत राहिली. मी तिच्या बाळंतपणात जे काही बोलले होते देवीशी ते सगळं आठवलं, मला तिथून पुढे सरकवेना, मागच्या बाईंनीच हळूच खांद्याला हात लावला. बाकी दिवसभर खोलीवर आणि जवळपास, एवढंच.

शुक्रवारी पन्हाळा. मध्यवर्ती बसस्थानक रेल्वे स्टेशनपासून जवळच आहे, तिथून एसटी मिळते, वीसेक किलोमीटर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं, त्यामुळे माझं तिकीट अगदी थोडक्यात झालं. वर वारा भणाणतो, ऊन असलं तरी कानटोपी लागतेच. आम्ही सज्जा कोठी आणि अंबरखाना एवढंच पाहिलं. अंबरखान्याची ती धान्याची कोठारं, गंगा यमुना सरस्वती नावाची, आत इतका गारवा की बाहेरच्या उन्हातून आल्यावर लेक तिथेच माझ्या खांद्यावर झोपली, मग अर्धा तास आम्ही भिंतीला टेकून बसून राहिलो. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले त्यात हा आहे, तीन दरवाजा बघायचा राहिला याची हळहळ आहे, पण दुपारी एकला तिची जेवणाची वेळ झाली आणि आम्ही खाली उतरलो. एक दिवस एक ठिकाण, तेही अर्ध्या दिवसात, यापेक्षा जास्त ठरवलं की बाळाची झोप मोडते आणि मग संध्याकाळ रडण्यात जाते, हे आम्ही आधीच्या एका लग्नाच्या प्रवासात भोगलंय.

येताना चूक झाली ती सांगते. दिवसा खिडकीतून सगळं दिसेल म्हणून कोयना एक्सप्रेस काढली, सेकंड सीटिंग. सकाळी आठच्या सुमारास निघते आणि कल्याणला यायला संध्याकाळ होते. एक गोष्ट चांगली केली होती, माणशी भाडं दोनशेच्या आसपास होतं म्हणून लेकीच्या नावाने पूर्ण भाडं भरून तिसरी सीट घेतली, त्यामुळे तिघांचा बाक आमचा. तो नसता तर हाल झाले असते. तरी दहा-अकरा तास बसून, आडवं व्हायची सोय नाही. सांगलीपर्यंत ऊस बघण्यात गेले, आदर्की-वाठारच्या वळणांवर गाडीचं पुढचं टोक दिसलं की ती टाळ्या वाजवायची, पण पुण्यापासून पुढे ती इतकी दमली की मांडीवरही राहीना, नवरा तिला घेऊन डब्यात येरझाऱ्या घालत होता. परत गेलो तर येतानाही रात्रीचीच महालक्ष्मी.

खर्चाचं विचारतात सगळे म्हणून: जातानाचं तिकीट 1740, येतानाचं 600, खोली 3300, रिक्षा 900, पन्हाळा 500, खाणं 1900, ओटी-प्रसाद 450. सगळे मिळून 9390. लॉजवाल्याकडे बुडालेले अडीचशे धरले तरी दहा हजारांच्या आत. खाण्यात आम्ही हात आखडता घेतला नाही, नवऱ्याने दोनदा तांबडा-पांढरा खाल्लाय.

अजून एक, सामान. दोन पाठीवरच्या बॅगा आणि एक छोटी हाताशी असलेली पिशवी, बस. छोट्या पिशवीत दोन डायपर, वाइप्स, एक कपड्यांचा जोड, वाटी-चमचा, केळं, आणि ती सीटखाली ढकलायची नाही. कल्याणला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, त्यामुळे चढताना डबा कुठे येतो ते इंडिकेटरवर बघून तिथेच उभं राहायचं. आधी एकाने बाळाला घेऊन चढायचं, दुसऱ्याने सामान आत द्यायचं, आणि उतरताना ठाकुर्ली-डोंबिवलीची वाट न बघता बदलापूर गेलं की बॅगा दाराशी, कारण कर्जतकडून येताना कल्याण आधी लागतं, आम्ही त्यात गडबडलो होतो आणि लेकीचा एक बूट गाडीतच राहिला.