आराखडा तीन वर्षांचा, भांडण एका आकड्याचं

आमच्या संघटनेचा तीन वर्षांचा धोरणात्मक आराखडा मंजूर होऊन बरेच दिवस झाले, तरी ‘एकूण सभासद’ हे शब्द कानावर पडले की माझं डोकं अजून फिरतं.

बलस्थानं, उणिवा, संधी, धोके हे चार रकाने एका दुपारीच भरून झाले होते. ध्येयवाक्यही फारशी खळखळ न होता ठरलं. गाडी अडली ती ‘आपले सभासद किती?’ या प्रश्नावर. चिटणिसांच्या नोंदवहीत एक आकडा, खजिनदारांच्या पावत्यांत दुसरा, ईमेलच्या यादीत तिसराच. काही नावं दोनदा, काही माणसं केव्हाच वारलेली. वर्गणी थकवलेल्यांना सभासद म्हणायचं की नाही, यावर दोन तट. अध्यक्ष भाषणांतून सगळ्यात मोठा आकडा सांगत आलेले, तो खाली आणायला कोणी धजेना. तीन बैठका यातच गेल्या. तिसरीत ‘उपसमिती नेमू या’ असा सूर निघाला, तेव्हा मी फाईल स्वतःकडे ओढून घेतली.

दरवर्षी संख्या वाढते म्हणजे सगळं आलबेल, असा आमचा समज. पण नूतनीकरणाचं प्रमाण, म्हणजे मुदत संपलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा वर्गणी भरली ते, काढताना नवे सभासद धरायचे नसतात, आणि आजीव सभासदही नाहीत, कारण त्यांना नूतनीकरणच नसतं. समजा ४०० जणांची मुदत संपली आणि ३०० जणांनी पुन्हा वर्गणी भरली, तर प्रमाण ७५ टक्के. त्याच वर्षी नवे १५० आले तरी ते ७५च राहतं. एकूण संख्या मात्र ५० ने वाढलेली दिसते, आणि गेलेले शंभर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पहिल्या वर्षाचे सभासद वेगळे काढले तेव्हा आमची खरी गळती तिथे सापडली. पावती दिल्यानंतर वर्षभर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग आराखड्यातलं ‘सभासदसंख्या दुप्पट’ मी खोडून टाकलं आणि नव्या सभासदाला पहिल्या महिन्यातच फोन करायचा, हे लिहिलं. थोडी आरडाओरड झाली. होऊ दे.

सर्वेक्षणाचं सांगायचं राहिलंच. आम्ही लांबलचक प्रश्नावली पाठवली ती सध्याच्या सभासदांना. सोडून गेलेल्यांना फोन करायचं फार उशिरा सुचलं. त्या दहा-बारा फोनांनी जे कळलं ते प्रश्नावलीतून कळलं नव्हतं. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

आणि वर्गणीचे प्रकार बदलायचा विचार असेल, तर त्याआधी संघटनेची घटना काढून वाचा. आमच्याकडे त्यासाठी दुरुस्तीचा ठराव, त्याची आगाऊ सूचना, सगळंच लागत होतं. हे कळेपर्यंत सर्वसाधारण सभा तोंडावर आली होती, म्हणून तो मुद्दा वर्षभर मागे पडला. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव, तारीख आणि लागणारे पैसे लिहा. ‘कार्यकारिणी’ असं लिहिलेली आमची सगळी कामं आहेत तिथेच आहेत.

सभासदांची यादी मात्र दर महिन्याच्या एक तारखेला अद्ययावत होते. कोण करतं? फाईल मीच ओढली होती ना.